टॅक्सीवाल्यांनी पास केलेली गाडी

नमस्कार. सूत्रसंचालकांनी आत्ता माझी ओळख ‘विंटेज मोटारींच्या संग्राहक’ अशी करून दिली. माझ्याकडे गाडी एकच आहे. ऐंशीच्या दशकातली प्रीमियर पद्मिनी. आणि ती मी संग्रहात ठेवलेली नाही, ती घेऊन मी कोल्हापूरहून इचलकरंजीला कामावर जाते. येताना डिकीत भाजी असते. संग्राहक म्हणावं असं माझ्याकडे काही असेल तर ते पेट्रोलच्या पावत्या.

आपल्या कोल्हापुरात जुनी गाडी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर छत्रपतींची मेबॅक येते. दसऱ्याला ती दसरा चौकात येते, लोक दुतर्फा उभे राहतात, मीही लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून बघितली आहे. तो थाट वेगळा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मला दसरा नकोय, मला सोमवार पाहिजे. सोमवारी सकाळी पाऊस पडत असताना, उशीर झालेला असताना, किल्ली फिरवल्यावर जी सुरू होते आणि नाही झाली तर कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला जिचं दुखणं तोंडपाठ असतं, अशी जुनी गाडी कुठली, हा आजचा विषय.

माझं म्हणणं एवढंच आहे. जुनी गाडी घेताना लोक रंग बघतात, क्रोम बघतात, आजोबांची आठवण बघतात. मी एकच प्रश्न विचारते : ही गाडी कधी टॅक्सी होती का? म्हणजे तुमच्या हातात येणारी तीच गाडी नव्हे हो, ते मॉडेल. टॅक्सीवाला हा मोटारीचा सगळ्यात कडक परीक्षक. त्याला आजोबांची आठवण वगैरे काही येत नाही. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवशीचा धंदा गेला. म्हणून जी गाडी त्यानं वर्षानुवर्षं वापरली, तिचं प्रत्येक दुखणं आधीच कुणीतरी भोगून झालेलं असतं, प्रत्येक सुट्या भागाची स्वस्त नक्कल कुणीतरी काढलेली असते, आणि तिच्यावर हात बसलेले मिस्त्री गल्लोगल्ली तयार झालेले असतात.

मुंबईची काळी-पिवळी आठवा. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. तिथून फियाट ११०० निघाली, आधी ती गोलमटोल, जिला मुंबईकर ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे, मग १९६४ पासून ती चौकोनी डिलाइट, आणि १९७४ मध्ये तिचंच नाव पद्मिनी झालं. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीस घोड्यांच्या आसपास. आजची लहानातली लहान गाडीसुद्धा तिला हसेल. पण तिनं मुंबईचा पाऊस आणि मुंबईचे खड्डे पचवले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती बंद झाली. त्या आठवड्यात सगळ्यांनी हळहळून फोटो टाकले. त्यातले निम्मे लोक आदल्या दिवसापर्यंत काळी-पिवळी आली की हात खाली घेऊन एसीची वाट बघत होते, ही गोष्ट वेगळी.

आता मला जरा एक तक्रार मांडू द्या. संयोजक माझ्याकडे बघताहेत, पण लवकर आटपते.

मागे एका शहरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. शहराचं नाव सांगत नाही, तिथले पाहुणे इथेही बसलेले असायचे. आग्रहाचं बोलावणं होतं म्हणून गेले. गाडी चालवत गेले. हे मुद्दाम सांगते, कारण आजूबाजूच्या बऱ्याच गाड्या ट्रकवर चढून आल्या होत्या. थोड्या वेळानं परीक्षक आले. हातात वही, गळ्यात भिंग. मी म्हटलं, दागिने बघायला आलेत की काय. बॉनेट उघडायला लावलं, वाकून पाहिलं आणि म्हणाले, “डायनॅमो कुठंय?”

म्हटलं, “घरी आहे. माळ्यावर.”

“मग हे काय आहे?”

“अल्टरनेटर.”

वहीत काहीतरी लिहिलं. आता डायनॅमोचं कसं असतं, गाडी सिग्नलला उभी राहिली की तो जवळजवळ काहीच वीज देत नाही. १९७० साली कोल्हापुरात सिग्नल होते किती? आज दाभोळकर कॉर्नरला संध्याकाळी पावसात दिवे, वायपर, हॉर्न सगळं चालू ठेवून उभं राहून बघा, बॅटरी मान टाकते. पण परीक्षकांना दाभोळकर कॉर्नर ठाऊक नव्हता. पुढे त्यांना हेडलाइटचे रिले सापडले, त्याचे गुण कापले. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन सापडलं, त्याचेही कापले. पुढच्या सीटला मी पट्टे बसवून घेतलेत, त्यावर म्हणाले, “मॅडम, कंपनीनं हे दिलं नव्हतं.” म्हटलं, कंपनीनं मला दुसरा जीवही दिला नव्हता. त्याचे गुण कापले की नाही कुणास ठाऊक.

आणि मग ते इंजिनाच्या बाजूला टकटक करत म्हणाले, “पेट्रोल पंप?” कारण इंजिनावरचा मूळ पंप मी काढून टाकलाय आणि मागे टाकीजवळ विजेवर चालणारा बसवलाय. इथं मात्र मी त्यांना सोडलं नाही. कारण ही गोष्ट इथल्या पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकानं डोळ्यांनी बघितली आहे. मे महिना, खंबाटकीचा घाट, चढावर बॉनेट उघडून उभी असलेली फियाट, आणि ड्रायव्हर पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवतोय. बघितलंय की नाही? [सभागृहातून ‘बघितलंय’.] तो मूळ पंप इंजिनालाच चिकटलेला. इंजिन तापलं की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप बिचारा वाफच ओढत बसतो, पेट्रोल पुढे जात नाही. फडकं ओलं केलं, पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. पंप मागे नेला तर तो पेट्रोल ढकलतो, दाब टिकतो, वाफ धरत नाही. आमच्या घरची सगळी मे महिन्याची सुट्टी त्या ओल्या फडक्याच्या वासात गेली. माझ्या आईला परीक्षकांसमोर उभं केलं असतं तर तिनंच त्यांचे गुण कापले असते.

तर बक्षीस एका दुसऱ्या गाडीला मिळालं. सुंदर होती, खोटं बोलणार नाही. रात्री परीक्षकांना स्टेशनवर न्यायला येणारी गाडी आली नाही, म्हणून मीच त्यांना सोडलं. वाटेत पाऊस लागला. वायपरकडे बघून म्हणाले, “मोटर मूळची दिसत नाही.” पंचनामा स्टेशनपर्यंत चालू!

माझं ‘ओरिजिनल’वाल्यांशी भांडण नाही. ती गाडी जपायचीच, ती इतिहास आहे. पण रोज वापरायची गाडी आणि जपायची गाडी या दोन वेगळ्या गाड्या आहेत, आणि घेण्याआधी तुम्हाला कुठली हवी हे घरात ठरवून घ्या. घरात म्हणजे एकट्यानं नव्हे. आमच्याकडे अजून असं आहे की मी गॅरेजमध्ये गेले की मिस्त्री म्हणतात, “वहिनी, साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.” साहेब येतात, मान हलवतात, घरी येऊन मला विचारतात, “टॅपेट म्हणजे काय गं?” उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधले माझे मामा मात्र तसे नाहीत. ते माझ्याशीच भांडतात. लेथवर बसून एखादं बुश असं कातून देतात की मूळचं त्यापुढे लाजेल. कुठल्याही जुन्या गाडीच्या मालकानं कोल्हापुरात जन्मावं ते एवढ्यासाठी.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे मुख्य विषय आता सुरू करायचा!

पहिला पत्रा. इंजिन सगळ्यात शेवटी बघा, कारण इंजिन बोअर करता येतं, स्लीव्ह घालता येते, उद्यमनगर आहे. सडलेला पत्रा हा मात्र खड्डा आहे. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा, म्हणून गंज म्हणजे हाड मोडलेलं. फ्रीजवरचं लोहचुंबक घ्या, फडक्यात गुंडाळा, दारांच्या खालच्या कडा, पायाखालचा पत्रा, मागच्या चाकांवरच्या कमानी यांवरून फिरवा. जिथं चिकटत नाही तिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. पायाखालची मॅट उचला आणि स्क्रूड्रायव्हर टेकवून बघा. मालक ओरडला तर तिथंच पाणी मुरतंय. नुकताच रंग मारलेली गाडी असेल तर दुप्पट वेळ घ्या.

दुसरं पेट्रोल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल आहे. समोर ऊसवाले बसलेत, त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाही, पण जुन्या गाडीला तुमचा ऊस झेपत नाही हो. जुन्या रबरी नळ्या फुगतात, भेगा पडतात, आणि पेट्रोल गळतं ते तापलेल्या इंजिनावर. इथेनॉल पाणी ओढतं, गाडी महिनाभर उभी राहिली की टाकी आतून गंजते. शिवाय कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ पडतं, इंजिन तापतं. म्हणून गाडी घेतल्या घेतल्या सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घाला, टाकी उतरवून साफ करा, जेट थोडं मोठं करून ट्यूनिंग करून घ्या. आणि गाडी रोज चालवा. यात रोज चालवणाऱ्याचाच फायदा आहे, पेट्रोल शिळं होत नाही.

तिसरं कागद, आणि इथं मोठा सापळा आहे. २०२१ च्या जुलैत केंद्रानं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणी आणली. नंबरात व्हीए येतं, फी २०,००० रुपये, ऐकायला फार भारी वाटतं. पण तशी नोंदणी केलीत की ती गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. म्हणजे हौसेनं केलं आणि गाडी घरात बसली. आपण साधा मार्ग धरायचा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नोंदणी वाढवायची, हरित कर भरायचा, पीयूसी काढायची. फी वाढली आहे, आधी ६०० होती, २०२२ पासून ५,००० झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ च्या ऑगस्टपासून १०,०००. तरी पाच वर्षांत वाटून बघा. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून घ्या, मूळ मालक हयात नसेल तर वारसांच्या सह्या आधी, पैसे नंतर. दिल्लीत राहणारे नातेवाईक विचारतील, त्यांना सांगा, तिकडे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीचं काही खरं नाही.

चौथं ब्रेक. चारही चाकांना ड्रम. पाण्यातून गेल्यावर ते भिजतात आणि पहिला ब्रेक लागतच नाही, म्हणून पाणी ओलांडलं की पायानं हलकेच दोन-तीनदा दाबून कोरडे करायचे. सिलिंडर आणि होस पाइप पहिल्याच दिवशी नवे. पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट. मागून कुणी हॉर्न वाजवला तर वाजवू द्या.

आता कुठली घ्यायची, पटापट. पद्मिनी : मिळते, भाग मिळतात, स्टिअरिंगखालच्या हँड गिअरची सवय आठवड्यात होते. फार जुनी नको, ऐंशीनंतरची बघा. ॲम्बेसेडर : माझ्या टॅक्सीच्या परीक्षेत पहिली, कोलकात्यानं ती पास केली, २०१४ पर्यंत बनत होती. पण १४८९ सीसीवाली नको, नव्वदच्या दशकातली १८१७ सीसीच्या इसुझू इंजिनाची आणि पाच गिअरची घ्या. रोजच्यासाठी, कुटुंब मोठं असेल तर, मी पद्मिनीआधी हिचं नाव सांगेन. हे बोलताना बाहेर उभ्या असलेल्या माझ्या गाडीला ऐकू जाऊ नये. ११८ एनई : अंग फियाटचं, इंजिन निसानचं, चालवायला छान, भाग शोधता शोधता नाकी नऊ. कॉन्टेसा : इसुझूवाली असेल तर इंजिनाची काळजी नाही, पण पुढची काच फुटली तर तुम्ही आणि तुमचं नशीब. हेराल्ड : मद्रासची, ९४८ सीसीची, अख्खं तोंड पुढे उलटून बॉनेट उघडतं, एवढ्याशा जागेत वळते, बघत बसावं अशी. घ्या, पण रविवारी.

आणि शेवटी मारुती ८००. हसू नका. पहिली डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, म्हणजे चाळिशी उलटली तिची. अजून कुणी तिला क्लासिक म्हणत नाही, म्हणूनच ती अजून स्वस्त आहे. इंजिन ७९६ सीसीचं, पुढच्या चाकांवर चालते, आणि भाग खेड्यातल्या दुकानातही मिळतात. १९८६ नंतरची, कार्बोरेटरवाली, पत्रा न सडलेली एखादी दिसली तर आज घेऊन ठेवा. मला फोन करू नका, मी स्वतःच शोधतेय.