नवे काडतूस आणि नळीचा पीळ

मित्रहो, नवे शिकारी काडतूस रायफलधारकांना आपलेसे करू शकते का, असा आजचा प्रश्न आहे. करू शकते, असे माझे मत आहे. मात्र कारखानदार ज्या वेगाच्या आकड्यांची जाहिरात करतात, त्यांच्यामुळे ते क्वचितच घडते. अमेरिकी सैन्याने १९०६ साली .३०-०६ हे काडतूस स्वीकारले, .२७० विंचेस्टर १९२५ साली आले, आणि दोनशे मीटरवरचे हरीण आजही या दोहोंनी व्यवस्थित पडते. तिथे सेकंदाला वीस-तीस मीटर वेग वाढल्याने शिकाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही.

खरा निकाल लागतो तो नळीतील आट्यांच्या पिळावर, म्हणजे गोळीला फिरवून स्थिर ठेवणाऱ्या नळीच्या आतल्या नागमोडी खाचांवर. एका फेऱ्याला जितके कमी इंच, तितका पीळ घट्ट आणि तितकी लांब गोळी स्थिर होते. १९५५ साली विंचेस्टरने .२४३ आणि रेमिंग्टनने .२४४ अशी सहा मिलिमीटर गोळीची दोन काडतुसे आणली. रेमिंग्टनच्या पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचात, दारू थोडी अधिक मावत होती. पण ते काडतूस लहान जनावरांसाठी आहे असे गृहीत धरून त्यांनी नळीला बारा इंचांत एक फेरा इतकाच पीळ दिला, आणि हरणासाठी लागणारी १०० ग्रेन (गोळीच्या वजनाचे एकक) वजनाची लांब गोळी त्या पिळात खात्रीने स्थिर होईना. विंचेस्टरचा पीळ दहा इंचांचा होता. एकाच रायफलीत दोन्ही कामे हवी असणारा ग्राहक साहजिकच तिकडे वळला. रेमिंग्टनने पुढे पीळ वाढवला, १९६३ मध्ये काडतुसाचे नावही बदलले, परंतु गेलेला ग्राहक परतला नाही.

६.५ क्रीडमूरची कथा याच्या नेमकी उलट आहे. होर्नाडी या काडतूस कंपनीने २००७ मध्ये ते आणले, त्याच्या दहा वर्षे आधी .२६० रेमिंग्टन त्याच व्यासाची गोळी जवळपास त्याच वेगाने फेकत होते. ही दोन काडतुसे शेजारी शेजारी उभी केली, तर क्रीडमूरची पुंगळी जेमतेम तीन मिलिमीटर आखूड दिसते. या तीन मिलिमीटरमुळे लांब, निमुळत्या नाकाची गोळी पुंगळीत फार खोल न दाबताही रायफलीच्या आखूड मॅगझिनमध्ये (काडतुसांच्या कप्प्यात) बसते. आठ इंचांचा पीळ पहिल्या दिवसापासून ठरलेला होता, आणि अचूक काडतुसे थेट कारखान्यातून खोक्यात तयार मिळत होती. गोळी झाडताना खांद्याला बसणारा धक्काही .३०८ या काडतुसापेक्षा सौम्य. धक्क्याच्या धास्तीने चाप ओढतानाच ज्याचे डोळे मिटतात, त्याच्यासाठी हा गुण इतर सर्व गुणांहून मोठा आहे, आणि विक्रीच्या भाषेत त्याला मिळायला हवे तेवढे महत्त्व मिळत नाही, याची मला खंत वाटते.

कधी कायदाच बाजारपेठ तयार करतो. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतील काही राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी रायफलीच्या काडतुसाची पुंगळी सरळ भिंतीची, म्हणजे तोंडाशी बाटलीसारखी अरुंद न होणारी, असणे बंधनकारक आहे, २०१९ चे .३५० लेजंड प्रामुख्याने त्याच शिकाऱ्यांसाठी घडवले गेले.

२०२१ साली आलेले ६.८ वेस्टर्न हे काडतूस मला तांत्रिकदृष्ट्या प्रामाणिक वाटते. .२७० च्या दहा इंची पिळात स्थिर न होणाऱ्या १६५ ते १७५ ग्रेनच्या गोळ्या ते वापरू शकते. तरीही ज्याच्याकडे .२७० आहे आणि जो तीनशे मीटरपलीकडे गोळी झाडतच नाही, त्याने त्यासाठी नवी रायफल घ्यावी, असे मी सांगणार नाही.