जुना बंधारा कोणाला विचारून काढायचा?

(लाखांदूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, नमस्कार. सध्या पारावर बसा की चहाच्या टपरीवर, एकच वाद कानावर येतो. नाल्यावरचा जुना कोल्हापुरी बंधारा ठेवायचा की तोडायचा? एका काठचे शेतकरी म्हणतात, यानं आमची जमीन खाल्ली. दुसऱ्या काठचे म्हणतात, आमच्या विहिरीला उन्हाळ्यात जे काही पाणी टिकतं ते याच्याच जिवावर. दोघंही खरं बोलतात, म्हणून गोष्ट हमरीतुमरीवर येते.

बंधारा जमीन कसा खातो ते आधी पाहू. ओळीनं खांब आणि खांबांच्या खाचांत बसवायच्या लोखंडी पाट्या, एवढाच त्याचा कारभार. पावसाळा सरला की पाट्या टाकायच्या, मृगाच्या आत काढून घ्यायच्या. पण काढायला कोणी आलंच नाही, किंवा पाट्या गाळात रुतून बसल्या, तर पहिलाच पूर तिथं अडतो. वाहून आलेल्या बाभळी, फांद्या, तणस सगळं खांबांत गुंततं. मग पाणी बाजूनं वाट काढतं आणि काठ कापत जातं. ज्याची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, काठाला, त्याची बांधी गेली. पुढं पाट्या चोरीला जातात, वरच्या अंगाला गाळ भरतो. म्हणजे उन्हाळ्यासाठी पाणी अडत नाही, पावसाळ्यात पूर मात्र अडतो. अशा मेलेल्या बंधाऱ्याचा विचार व्हायलाच हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तोडण्याआधी काय काय करावं लागतं, हे ज्यांनी तोडले त्यांच्याकडून शिकू.

अमेरिकेत क्लॅमथ नावाची नदी आहे, ओरेगॉन आणि कॅलिफोर्निया या दोन राज्यांतून वाहणारी. तिच्यावर वीज तयार करणारी चार धरणं होती. सामन नावाचा मासा समुद्रातून नदीत वर चढतो आणि वरच्या पाण्यात अंडी घालतो. त्याची वाट या धरणांनी बंद केली होती. युरोक, करुक या तिथल्या मूळ जमातींचं जेवण आणि सणवार त्या माशावर. 2001 साली दुष्काळात माशांसाठी पाणी राखलं म्हणून वरच्या भागातल्या शेतकऱ्यांचे कालवे बंद झाले, मोठं आंदोलन झालं. पुढच्याच वर्षी खालच्या भागात पाणी कमी आणि गरम झालं, रोग पसरला आणि हजारो मासे काठाला मरून पडले. दोन्हीकडचे लोक पोळलेले.

धरणं काढायची भाषा सुरू झाली तेव्हा 2010 साली कॅलिफोर्नियातल्या सिस्कियू काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, लोकांचा कौल घेतला. सुमारे 80 टक्के लोकांनी नको म्हटलं. शेतीचं पाणी जाईल ही अनेकांची भीती. पण या चार धरणांतून सिंचन होतच नव्हतं! ज्या पाण्यावरून डोकी फुटायची वेळ आली, ते पाणी त्या धरणांचं नव्हतंच. मात्र सगळ्याच भीती पोकळ नव्हत्या. तलावाकाठी घरं बांधलेल्यांचा तलाव खरोखरच गेला. वणवा लागला तर हेलिकॉप्टरनं पाणी कुठून उचलायचं, हाही रास्त प्रश्न होता. शेवटी 2024 पर्यंत चारही धरणं निघाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मासे जुन्या धरणांच्या जागा ओलांडून वर गेले.

दुसरी नदी एल्व्हा, अमेरिकेतल्याच वॉशिंग्टन राज्यातली. तिथली दोन धरणं काढायचा मार्ग 1992 च्या कायद्यानं मोकळा केला, प्रत्यक्ष काम सुरू झालं 2011 मध्ये. मधली बरीच वर्षं तयारीत गेली, आणि त्या तयारीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. धरणांमागं दोन कोटी घनमीटरच्या आसपास गाळ साचला होता. तो सुटला की खालच्या पोर्ट एंजेलिस शहराचं पाणी गढूळ होणार. म्हणून आधी शुद्धीकरणाची व्यवस्था उभी केली, मग धरणाला हात लावला. आपला बंधारा काढला तर गाळ कुठं जाणार? खालच्या गावच्या नळयोजनेच्या विहिरीवर. त्या गावाला कोणी विचारलंय का?

फ्रान्समध्ये सेल्यून नदीवर 2018 साली लोकांनी स्वतः मतदान घेतलं, जवळजवळ सगळ्यांनी धरणं राहू द्या म्हटलं. तरी ती काढली गेली. नदीला फायदा झाला असेल, पण ज्यांचं ऐकलं नाही त्यांच्या मनातली अढी सहज जात नाही. न विचारता बांधण्याची झळ आपल्याकडं गोसीखुर्द धरणाच्या बुडीत गावांनी सोसलीच आहे.

एक घोळ मात्र होऊ देऊ नका. मामा तलावांना, म्हणजे माजी मालगुजारी तलावांना, या वादात ओढू नका. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं बांधलेले हे तलाव उतारावरचं पावसाचं पाणी धरतात आणि धानाला देतात. मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडं आले आणि पाळीची म्हणजे बांधाची, तुडुमाची म्हणजे पाणी सोडायच्या दाराची रोजची देखभाल सुटली. तिथं काम गाळ काढण्याचं आहे. तोडण्याची गोष्ट तिथं कोणी काढू नये.

आणि मासेमारी करणारे ढीवर बांधव. पहिल्या पुरात मासा वैनगंगेतून नाल्यात कुठवर चढतो आणि कुठं अडतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी बंधाऱ्याच्या बैठकीत त्यांना खुर्ची नसते. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. येत्या दिवाळीनंतर दोन्ही काठच्या आणि खालच्या गावच्याही ग्रामसभा एकत्र बसवा, मच्छीमार सोसायटीला बोलवा. तोवर बंधाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या विहिरींचं पाणी दर महिन्याला दोरीनं मोजा. कोणाची किती बांधी कापली गेली ते तलाठ्यासमोर मोजून घ्या. वही या वाचनालयात ठेवा, ज्याला पाहायची त्यानं पाहावी. मग बंधारा दुरुस्त करायचा की काढायचा, यावर पोटभर भांडा. मीही येईन.