निकोलाय आबिल्डगोर : राजवाड्यातला चित्रकार, घरातला चित्रकार

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, नवअभिजात चित्रकला, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन कलेला आदर्श मानणारी चित्रकला, म्हटली की संगमरवरासारखी थंड, संयमी माणसे डोळ्यांसमोर येतात. आज ज्यांच्याविषयी मी बोलणार आहे, त्या डॅनिश चित्रकार निकोलाय आबिल्डगोर यांचे रोममध्ये १७७५ साली रंगवलेले ‘जखमी फिलोक्टेटीस’ हे चित्र एकदा पाहिले, की हा समज टिकत नाही.

ट्रॉयच्या वाटेवर सर्पदंश झालेला हा ग्रीक वीर. जखम चिघळली, दुर्गंधी सुटली, तेव्हा सोबत्यांनी त्याला लेम्नोस बेटावर एकटे टाकून दिले. चित्रात त्याने जखमी पाऊल हातांनी धरले आहे, केस वाऱ्यावर उडताहेत, आणि पाठ व खांदे इतके मोठे आहेत, की तो ताठ उभा राहिला तर चौकट फुटेल असे वाटावे. देह प्राचीन मूर्तींच्या अभ्यासातून आला आहे, हे उघड दिसते; व्हॅटिकनमधील बेल्वेदेरेच्या प्रसिद्ध भग्न मूर्तीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पण अभिजात मूर्तीत वेदनासुद्धा शांतपणे सोसलेली असते, असे त्या काळचे विद्वान सांगत होते, आणि आबिल्डगोर यांचा वीर मात्र वेदनेने पिळवटला आहे. रोममध्ये त्यांची ऊठबस स्वीडिश शिल्पकार सेर्गेल आणि स्विस चित्रकार फ्यूझली यांच्याबरोबर होती, हे लक्षात घेतले म्हणजे या झंझावाताचे फारसे नवल वाटत नाही.

त्यांचा जन्म १७४३ मध्ये कोपनहेगनला झाला. वडील प्राचीन अवशेषांची रेखाटने करीत, त्यामुळे जुन्या वस्तूंची ओढ घरातलीच म्हणायची. तिथल्या कला अकादमीचे सुवर्णपदक, मग १७७२ ते १७७७ ही रोममधली वर्षे, परतल्यावर १७७८ मध्ये प्राध्यापकपद, आणि पुढे दोनदा अकादमीचे संचालकपद.

मोठे काम मिळाले ते क्रिस्टियान्सबोर्ग राजवाड्याच्या भव्य दालनाचे. डेन्मार्कच्या राजवंशाचा इतिहास तिथे प्रचंड चित्रांतून मांडायचा होता. दहा चित्रे झाली, १७९१ मध्ये दरबाराने हात आखडता घेतला, आणि २६ फेब्रुवारी १७९४ रोजी राजवाडाच आगीत गेला. मोजकी चित्रे तेवढी बाहेर काढता आली. ज्या कामावर चित्रकाराने उमेदीची वर्षे घालवली, ते एका आगीत नाहीसे व्हावे, यावर काय बोलायचे!

त्याच वर्षी कास्पार डेव्हिड फ्रीडरिख हा पुढे निसर्गचित्रांसाठी प्रसिद्ध झालेला जर्मन तरुण आबिल्डगोर शिकवत त्या कोपनहेगनच्या अकादमीत दाखल झाला. पुढे शिल्पकार म्हणून युरोपभर गाजलेला थोरवाल्डसेन तर आबिल्डगोर यांचा शिष्यच. आगीनंतर राजपुत्रासाठी आमालियनबोर्ग या राजनिवासातली दालने सजवताना तो त्यांच्या हाताखाली राबला.

मला स्वतःला मात्र राजवाड्यापेक्षा त्यांचे घर अधिक बोलके वाटते. दरबाराच्या फर्माइशीबाहेर, स्वतःच्या घरासाठी केलेली त्यांची उत्तरकालीन चित्रे रोमन नाटककार टेरेन्स याच्या विनोदी नाटकांवर आहेत : वीर नाहीत, राजे नाहीत, रस्त्यावर भांडणारी, फसवणारी साधी माणसे आहेत. १७९० च्या सुमारास त्यांनी स्वतःसाठी एक खुर्चीही घडवून घेतली. ग्रीक कलशांवर जशी रंगवलेली दिसते तशीच ती आहे, पाय बाहेरच्या बाजूला तलवारीसारखे वळलेले, पाठ खांद्यांना कवेत घेणारी. चित्र पाहून खुर्ची करायची, आणि मग तिच्यावर बसायचे. १८०९ मध्ये ते वारले. ती खुर्ची अजून आहे.