खुरप्याची धार

मंडळी, आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. त्याच साली म्युनिकमध्ये तिरंदाजी ऑलिम्पिकमध्ये परत आली. आपल्या पुण्यातली मुलं आज जो रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, ओढतात, त्याची वाट तिथून सुरू झाली. मी बोलणार आहे ते मात्र शिकारीच्या बाणाच्या टोकाबद्दल, आणि तेही अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधलं. नोकरीनिमित्त तिथं होतो तेव्हा रीतसर परवाना काढून मी पांढऱ्या शेपटीच्या हरणांची धनुष्यानं शिकार केली. इथली मुलं विचारतात, “सर, टार्गेटच्या पॉइंटनं, म्हणजे आपल्या सरावाच्या बाणाच्या बिनपात्याच्या टोकानं, हरीण पडत नाही का?”

नाही पडत. जखमी होऊन पळतं आणि हाल होऊन मरतं. संस्कृतात क्षुर म्हणजे वस्तरा आणि वस्तऱ्यासारख्या धारेचा बाण तो क्षुरप्र. आपल्या शेतातलं खुरपं याच शब्दातून आलंय. शिकारीच्या बाणाचं काम या शब्दातच सांगितलंय: तो कापतो. गोळीसारखा दणका त्याच्यात नसतो. रुंद पात्याचं टोक, म्हणजे ब्रॉडहेड, दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेलं, तर रक्तस्रावानं हरीण थोड्याच सेकंदांत कोसळतं.

आता आपला रिकर्व्ह ओढायला पंचेचाळीस-पन्नास पौंडांचा. कंपाउंडइतका, म्हणजे चाकं लावलेल्या धनुष्याइतका, जोर त्यात नाही. काही ब्रॉडहेडची पाती मिटलेली असतात, लागल्यावर उघडतात. दिसायला फार छान. पण उघडण्यातच जोर खर्च होतो, आणि आपल्याकडे उधळायला जोर नसतो. पहिल्या वर्षी मी हीच चूक केली. बाण खांद्याच्या हाडावर बसला आणि अडकला. रक्ताचे थेंब शे-दीडशे पावलांवर संपले. रात्रभर बॅटरी घेऊन शोधलं, दुसरा दिवसही त्यातच गेला. ते हरीण सापडलं नाही. ती रात्र अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

तेव्हापासून दोन पात्यांचं, न हलणारं, टोकापासूनच धार असलेलं ब्रॉडहेडच वापरलं. रुंदीच्या तिप्पट लांबी असेल तर उत्तम; निमुळती पाचर कमी जोरात खोल जाते. तीन-चार पात्यांनी जखम मोठी होते हे खरं, पण तेवढाच अडथळाही वाढतो. एकाच बाजूनं धार लावलेली पातीही मिळतात, ती आत शिरताना वळतात. बाणाच्या मागच्या टोकाकडच्या पिसांचं वळण उजवं असेल तर धारही उजवीच घ्या.

टोकाचं वजन मी १२५ ग्रेनच्या खाली जाऊ दिलं नाही, म्हणजे सुमारे आठ ग्रॅम. पण टोक जड केलं की शाफ्ट, म्हणजे बाणाची काडी, जास्त लवचीक असल्यासारखा वागतो. म्हणून नुसतं टोक बदलून भागत नाही, स्पाइनही, म्हणजे काडीचा ताठपणाही, पुन्हा जुळवावा लागतो. बसवल्यावर बाण तळहातावर उभा धरून भिंगरीसारखा फिरवा. टोक जरा जरी डगमगलं, तरी रुंद पातं हवेत सुकाणूसारखं वागतं आणि बाण भरकटतो.

राहिली धार. नव्या पाकिटातल्या पात्यावर विश्वास ठेवू नका. आधी कानस, मग बोहरी आळीत मिळतो तसला तेलाचा दगड, शेवटी न्हाव्याकडे असायचा तसा चामड्याचा पट्टा. हे पाहा, हा रबरबँड मी बोटांत ताणून धरलाय. पातं दाबत नाही, नुसतं टेकवतोय... तुटला. आता दुसरं पातं, पाकिटातून काढलं तसंच. मागच्यांना दिसतंय ना? रबर नुसतंच दबतंय.