गिळायला त्रास होणाऱ्या बाळासाठी बाटली, झडप आणि नळी

मंडळी, परळ-शीवच्या रुग्णालयांतून बाळाला घरी नेताना आई-वडील हमखास विचारतात, "कोणती बाटली घेऊ?" त्याआधी बाळाचं नेमकं अडतं कुठे, ते कळायला हवं.

दूध पिताना चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तीन कामं एका तालात चालतात. गिळण्याच्या क्षणी श्वास थांबतो. हा ताल गर्भवयाच्या साधारण 34व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. त्यामुळे बरंच आधी जन्मलेलं बाळ बोट चोखत असलं, तरी दूध झेपेलच असं नाही. टाळू, म्हणजे तोंडाचं छत, दुभंगलेल्या बाळाचं उलट असतं. दुसरा काही आजार नसेल तर त्याचं गिळणं बहुधा चांगलं असतं, पण तोंड आणि नाक यांच्यात फट असल्याने तोंडात ओढ तयार होत नाही. पहिल्याला दूध हळू मिळायला हवं आणि दुसऱ्याला न ओढता मिळायला हवं. एकाच बाटलीने दोघांचं भागत नाही.

सुई तापवून निपलचं भोक मोठं करणं, हा घरोघरी चालणारा उपाय कृपा करून थांबवा. मोठ्या भोकातून दूध आपोआप वाहतं, बाळ थांबलं तरी ते थांबत नाही, आणि श्वासाच्या वेळी घशात दूध असेल तर ते फुप्फुसाकडे जातं.

टाळूच्या बाळासाठी एकमार्गी झडपेची बाटली हवी. ब्रिटनच्या मँडी हॅबरमन यांची मुलगी 1980 मध्ये टाळूच्या दोषासह जन्मली आणि त्यातून त्यांनी अशी बाटली घडवली. झडपेमुळे दूध निपलमध्ये येतं, पण परत बाटलीत जात नाही. म्हणून बाळाने हिरड्यांनी नुसतं दाबलं तरी ते तोंडात येतं. झडपेचा पातळ पडदा चकतीवर नीट बसवा. बाटली उभी धरून निपल दाबा, हवा जाऊ द्या, दाबलेलंच ठेवून बाटली उलटी करा आणि मग सोडा. निपल भरेपर्यंत हे पुन्हा करा. निपलवर कमी-जास्त लांबीच्या तीन रेघा असतात. जी रेघ बाळाच्या नाकाखाली येईल तिच्याप्रमाणे वेग ठरतो. आखूड रेघेला सर्वांत कमी. सुरुवात तिथूनच करा. निपल हाताने दाबायचं तर बाळ चोखेल त्याच वेळी, हलकेच. सलग दाबत राहू नका. "दूधच येत नाही" अशी तक्रार असते तेव्हा आधी पडदा पाहा. तो उलटा बसलेला, फाटलेला किंवा दुधाच्या सायीने चिकटलेला असू शकतो. प्रत्येक वेळी सगळे भाग सुटे करून धुवा, मगच उकळा.

बाळाला निदान 45 अंशांत बसतं धरा. नाकातून थोडं दूध आलं तर घाबरू नका. पुसा, बाळाला आणखी उभं करा. ही बाळं हवा फार गिळतात, म्हणून मधूनमधून ढेकर काढा.

अकाली जन्मलेल्या बाळाला कुशीवर घ्या, डोकं किंचित वर, कान-खांदा-कंबर एका रेषेत. हळू वाहणारं निपल घ्या. तीन ते पाच वेळा चोखून झालं की निपल तोंडातच ठेवून बाटली खाली झुकवा. निपल रिकामं होतं आणि बाळाला श्वासाला जागा मिळते.

आपलं बोंडलंही उपयोगी आहे, पण पायांवर आडवं झोपवून दूध ओतण्याची रीत धोक्याची. बाळाला बसतं धरून बोंडल्याची चोच खालच्या ओठावर टेकवा, थेंब-थेंब द्या, आधीचं गिळल्यावरच पुढचं.

हळू वाहावं म्हणून दूध घट्ट करण्याबद्दल सावध राहा. आईच्या दुधातलं अमायलेज हे पाचक द्रव्य स्टार्च फोडतं, म्हणून त्यात घातलेली तांदळाची पूड थोड्याच वेळात पातळ होते. झँथन गम या डिंकासारख्या पदार्थाच्या एका घट्टकारकाबद्दल अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियंत्रक संस्थेने 2011 मध्ये अकाली जन्मलेल्या बाळांसाठी इशारा दिला होता, कारण आतड्याच्या गंभीर आजाराचा धोका. गिळण्याच्या थेरपिस्टने दूध घट्ट करायला सांगितलंच तर दाटपणा सिरिंजने मोजा: शून्यापासून 10 पर्यंतची खूण 61.5 मिमी असलेली 10 मिलीची सिरिंज भरा, 10 सेकंद वाहू द्या. 1 ते 4 मिली उरलं तर दाटपणाची पहिली पातळी, 4 ते 8 उरलं तर दुसरी.

तोंडाने पुरेसं जात नसेल तर नाकातून जठरात जाणारी नळी. तिची लांबी नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून उरोस्थीचं (छातीच्या मधल्या हाडाचं) खालचं टोक व बेंबी यांच्या मध्यापर्यंत मोजतात. नळी जठरातच आहे ना, हे कळायला दर वेळी आतला द्रव काढून त्याचा पीएच, म्हणजे आम्लपणाचा आकडा, पाहतात, 5.5 किंवा कमी हवा. हवा सोडून आवाज ऐकणं भरवशाचं नाही. सिरिंज वर धरून दूध आपल्या वजनाने उतरू द्या, दट्ट्या दाबू नका.

दूध आईचंच उत्तम. बाळ छातीशी ओढू शकत नसेल तर दिवसरात्रीत आठेक वेळा काढावं लागतं, नाहीतर ते आटतं. दात्या आयांच्या दुधाची बँक शीव रुग्णालयात 1989 पासून आहे, आशियातली पहिली.

महिन्याच्या बाळाला साधारण किलोमागे 150 मिली रोज, म्हणजे 3 किलोच्या बाळाला आठ वेळा सुमारे 55 मिली. पाजायला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागत असेल तर मिळालेली ताकद पिण्यातच खर्च होते. पाजल्यावर आवाज ओला येणं, ओठ निळसर पडणं, मिनिटाला 60 हून जास्त श्वास, वारंवार न्यूमोनिया, ही लक्षणं पाहा. ठसका लागत नाही म्हणजे दूध फुप्फुसात जात नाही, असं समजू नका. तान्ह्यांत ते अनेकदा मुकाट्याने जातं.

ते फक्त तपासणीत दिसतं. एक्स-रेखाली बेरियम (एक्स-रेत दिसणारा पदार्थ) मिसळलेलं दूध पाजतात किंवा नाकातून दुर्बीण घालतात. जाताना घरचीच बाटली, घरचंच निपल आणि नेहमीचं दूध न्या, आणि कधी, किती वेळात, किती मिली घेतलं याची तीन दिवसांची नोंद सोबत ठेवा. बेरियममुळे दूध दाट होतं, म्हणून घरच्या दुधाइतकं पातळ मिश्रण करून मिळेल का, ते आधीच विचारा.