पाय चिकटतात तेव्हा

दाराशी एक गृहस्थ उभे आहेत. त्यांना पार्किन्सन्स हा मेंदूचा आजार आहे. पलीकडच्या खोलीत जायचंय, एवढंच. पण पाय जमिनीला डिंक लावल्यासारखे चिकटलेत. मागून कुणी म्हणतं, ‘चला ना लवकर!’ आणि पाय आणखीच रुततात.

आता त्याच वाटेवर, एकेका पावलाच्या अंतरावर, आडव्या रंगीत पट्ट्या लावल्या. पहिली ओलांडली, दुसरी, तिसरी... गृहस्थ चालतायत!

एरवी चालताना पावलांचा विचार कोण करतं? ते काम मेंदूच्या आतली केंद्रं परस्पर उरकतात. त्यासाठी डोपामिन हे मेंदूतलं रसायन लागतं. पार्किन्सन्समध्ये ते बनवणाऱ्या पेशी मरत जातात. मग चालणं, वळणं, बटण लावणं, सगळं लक्ष देऊन करावं लागतं. समोर पट्टी दिसली, की मेंदूला डोळ्यांमार्फत दुसरी वाट मिळते. मेट्रोनोमची (ठेका देणाऱ्या यंत्राची) टकटक किंवा मोठ्याने म्हटलेलं ‘एक-दोन, एक-दोन’सुद्धा चालतं.

2010 मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 58 वर्षांच्या एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. चार पावलं टाकताना अडखळणारा हा माणूस सायकलवर मात्र सहज फिरायचा. उतरला, की पुन्हा जागीच खिळायचा.

दुसरी गंमत मापाची. (गंमत आपल्याला, ज्याला होते त्याला नाही.) रुग्णाला वाटतं, पाऊल नेहमीएवढंच पडतंय. प्रत्यक्षात ते आखूड झालेलं असतं. म्हणून फिजिओथेरपिस्ट सारखे बजावतात: ‘मोठं! अजून मोठं!’ अतिरेक वाटेल इतकं मोठं टाकलं, की ते नेहमीएवढं पडतं.

तोलासाठी ताई ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात 195 रुग्ण होते; आठवड्यातून दोनदा, सहा महिने. ताई ची करणाऱ्यांचा तोल सुधारला, आणि नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले.

व्यायामाने औषधाच्या गोळ्या सुटत नाहीत. उलट गोळीचा असर चांगला असतो, तीच वेळ व्यायामाची. आणि वळताना जागच्या जागी गर्रकन फिरायचं नाही. मोठा वळसा घ्यायचा.

पुन्हा दाराशी येऊ. या वेळी मुलगी हात धरून ओढत नाही. ती म्हणते, ‘बाबा, थांबा. आधी डावी-उजवीकडे जरा झुला.’ वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं. मग ती आपलं पाऊल त्यांच्यासमोर आडवं ठेवते.

‘हं, आता हे ओलांडा.’