सव्वीस वेळा

(दृश्य : वाचनालयाचं काउंटर. पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी.)

ही चिठ्ठी बघा. शिक्के मारून मारून भरली, म्हणून तिच्यावर दुसरी चिकटवली. दहाव्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलंय : 'खुनी नोकर आहे.' असा सभासद प्रत्येक वाचनालयात एक तरी असतोच.

पुण्यात पुस्तकांची देवघेव जुनी. लोकहितवादींच्या पुढाकाराने १८४८ साली इथे नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली. तेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. पुस्तक विकत घेतलं, दाखल क्रमांक टाकला, की ते वाचनालयाचं झालं. १९५७चा कॉपीराइट कायदाही एकदा विकलेली प्रत चलनात आलेली मानतो. पुढे ती कुणाच्या घरी किती वेळा जाते, हे प्रकाशक विचारत नाही.

(दृश्य : टॅब्लेटवर अक्षरं मोठी करणारं बोट.)

वाचनालयाच्या ई-पुस्तकाचं सुख नाकारण्यात अर्थ नाही. गणपतीत संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावरून पुस्तक बदलून आणून दाखवा! इथे रात्री दोन वाजता अंथरुणातूनच पुस्तक मिळतं, चष्मा सापडला नाही तरी वाचता येतं. मुदत संपली की ते स्वतःहून परत जातं. दंड नाही. शेवटचं प्रकरण राहिलं असलं, तरी जातंच.

पण अनेकदा वाचनालय ई-पुस्तक विकत घेतच नाही, परवाना घेतं. अटी प्रकाशकाच्या. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने ठरवलं : वाचनालयाने एक ई-प्रत २६ वेळा द्यायची, मग पुन्हा पैसे भरायचे. कारण काय, तर छापील पुस्तकाचं आयुष्यही साधारण तेवढंच! दोन आठवड्यांच्या मुदतीने वर्षभरात संपलं पुस्तक. ज्याचं पान फाटत नाही, ज्याला वाळवी लागत नाही, त्याला कराराने म्हातारं करायचं. शिवाय एका परवान्यावर बहुतेक वेळा एका वेळी एकच वाचक. म्हणजे कागदाची अडचण तेवढी घेतली, आणि मालकी मात्र प्रकाशकाकडेच राहिली.

मॅकमिलन या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेने २०१९ मध्ये याहून पुढची मजल मारली. नव्या ई-पुस्तकाची पहिले आठ आठवडे एका ग्रंथालय-यंत्रणेला, म्हणजे तिच्या सगळ्या शाखांना मिळून, एकच प्रत, मग शहर केवढंही असो. अनेक ग्रंथालयांनी मॅकमिलनच्या ई-पुस्तकांची खरेदीच थांबवली. मार्च २०२० मध्ये हा निर्णय मागे घ्यावा लागला.

(दृश्य : बाइंडरकडून आलेला गठ्ठा.)

आपलं ते पुस्तक बाइंडिंग करून आलंय. लाल रेक्झिन, कडा जरा जास्तच कापलेल्या. सव्वीसचा आकडा यानं कधीच ओलांडलाय. ग्रंथपाल मागच्या पानाला खळ लावतात, कोरी चिठ्ठी चिकटवतात.

दहाव्या पानावरची पेन्सिल मात्र खोडायची राहिली.